पाय वर, गर्दी बाहेर

गेल्या उन्हाळ्यात साडूच्या मुलीच्या लग्नात नवरदेव पडला. मे महिन्याचं ऊन, अंगात कोट, मुहूर्त होईपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही आणि अंतरपाटामागे सावधान स्थितीत उभा. दुसऱ्याच मंगलाष्टकाला त्याचे डोळे फिरले. मंडपात एकच धावपळ उडाली. "कांदा आना, कांदा!" असं कोणी ओरडलं, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाकडे नेली, आणि नवरदेवानं मांडवात आडवं पडणं बरं नाही म्हणून त्याच्या दोन मामांनी त्याला काखेत हात घालून उभं करायला सुरुवात केली.

मी जेवणाच्या पंगतीची वाट बघत मागे बसलो होतो. काय झालं कोण जाणे, उठलो, मामांना बाजूला सारलं, नवरदेवाला सपाट निजवलं, त्याचे दोन्ही पाय माझ्या खांद्यावर घेतले आणि शाळेतल्या पीटीच्या आवाजात ओरडलो, "पाय वर, गर्दी बाहेर!" गर्दी बाहेर गेली. तिच्याबरोबर भटजीही गेले. पोरानं डोळे उघडले तसं मी विचारलं, "घरी भाजी काय केली होती?" तो क्षीणपणे म्हणाला, "वांगे."

वरपक्षाला वाटलं, मुलीकडची माणसं फारच नम्र आहेत, पाय धुण्याच्या आधीच पाय धरतात. आमच्या पक्षाला वाटलं, हा माणूस नवरदेव बेशुद्ध असतानाही जेवणाची चौकशी करतो. तेव्हापासून बायको मला लग्नाला नेत नाही, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

पाय वर, गर्दी बाहेर आणि भाजी कोणती, ही माझी सगळी वैद्यकी. ती मला डॉक्टर विमल निखारे यांनी शिकवली. बाई आता नाहीत. त्या दिवशी मंडपात त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "मास्तर, सगळं बराबर केलं, पन कोटाचं बटन कोन काढन?"

निखारेबाई पवनीच्या विणकराच्या घरातल्या. वडिलांचा जन्म हातमागावर गेला. बाई शिकल्या, भुलीच्या डॉक्टर झाल्या, आणि बरीच वर्षं नागपूरला लोकांना झोपवण्यात घालवली. यजमान गेल्यावर त्या साकोलीला आल्या आणि एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांनी दुखण्यावरचा दवाखाना काढला. रविवारी तिथं सुया टोचायच्या. जिना चढताना आधी युरियाचा वास येई, मग फवारणीच्या औषधाचा, आणि वर पोचलं की स्पिरिटचा. बाई उंचीनं इतक्या कमी होत्या की टेबलाशी उभं राहायला त्यांना पायाखाली जेवायचा पाट लागे. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर इंग्रजी बोलत, आणि फोन ठेवला की थेट आमच्याकडची झाडीबोली.

भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसदिवस वाकलेल्या कंबरा, धानाचे भारे वाहिलेल्या माना, आखडलेले खांदे, असं सगळं तिथं येई. बाई नेमकी जागा शोधून सुई देत आणि माणूस संध्याकाळी घरी चालत जाई. दुखणं आटोक्यात येई. आटोक्यात न येणारी गोष्ट वेगळीच होती. माणसं पडत. सुई बघून पडत, सुई घेऊन पडत, दुसऱ्याला टोचलेली बघूनही पडत.

मी त्यातला पहिल्या प्रकारचा.

माझा उजवा खांदा आखडला होता. शाळेत पीटी शिकवणाऱ्याच्या हातानं खांद्याच्या वर जायला नकार द्यावा यासारखी नामुष्की नाही. मी "हात वर!" म्हणायचो, साऱ्या मैदानाचे हात वर जायचे, माझा कमरेपाशी घुटमळायचा. बनियन काढायला बायको लागायची. शेवटी तिनंच मला बाईंकडे पाठवलं.

"सकाळी काय खाल्लं?" बाईंचा पहिला प्रश्न. खांदा नाही, नाव नाही.

"काही नाही," मी अभिमानानं म्हणालो. "उपाशी आलो."

"काहून?"

"सुई आहे ना. ऑपरेशनसारखंच."

"मी तुमाले गुंगी देऊन नाई राहिली. मंग उपाशी कायले? अर्धा जिल्हा माह्याकडं सत्यनारायणाले बसल्यावानी उपाशी येते." त्यांनी एका मोठ्या डब्यातून पेलाभर तांदळाची पेज ओतली. मीठ जरा जास्त घातलेली, कोमट. "प्या."

मी नको म्हणालो. पेज आजारी माणसं पितात, असं माझं मत होतं.

"सुईची भीती वाटते?"

"मॅडम, मी पीटीचा मास्तर आहे," मी मिशीवरून हात फिरवला. "मी नाही घाबरत."

बाईंनी मान वळवून नर्सला सांगितलं, "शालू, उशी काढ. मास्तर घाबरत नाईत."

मला ती शाबासकी वाटली. तो इशारा होता हे पुढं कळलं. 'मी नाही घाबरत' हे वाक्य कानावर पडलं की शालू पलंगावरची उशी काढायची, ऑक्सिजनची नळी जवळ ओढायची आणि औषधांच्या ट्रेवरचं फडकं दूर करायची. घाबरतो म्हणणाऱ्याचं बाईंना काही वाटत नसे. तो निदान वेळेवर सांगतो.

त्या म्हणाल्या, झोपा. मी म्हणालो, बसूनच घेतो. हा वाद चालू असताना मला जांभई आली. समोर डॉक्टर बोलत असताना जांभई देणं असभ्य आहे, हा विचार मनात येतो न येतो तोच बाईंनी हातातलं सगळं टाकलं आणि मला दोन्ही हातांनी पलंगावर आडवं ढकललं. एवढीशी बाई माझ्यासारख्या ऐवजाला ढकलते कशी, हे बघायला मी शुद्धीवर नव्हतो. कपाळाला घाम, कानात रहाटगाडगं, आणि मग काहीच नाही. सुईचं टोपण अजून निघायचं होतं.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय बाईंच्या हातात होते. पाटावर उभ्या राहून, माझ्यापेक्षा वडील असलेल्या त्या बाईंनी माझ्या टाचा छातीशी धरल्या होत्या.

"बाई, पाय सोडा! पाप लागन मले!" माझी पुस्तकी मराठी शुद्धीबरोबरच गेली होती.

"पाय वर गेले का पाप आपोआप खाली उतरते. पडून राहा. घरी आज भाजी कोनती?"

मी संपूर्ण ताकदीनिशी उत्तर दिलं, "विश्राम!"

बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आजही साकोलीच्या बाजारात मला बघून एखादा म्हातारा "काय जी, विश्राम!" म्हणतो, आणि मी हात हलवून पुढं जातो.

मग बाईंनी मला पेज पाजली आणि प्रकार समजावून दिला. भाजी विचारायची ती शुद्ध नीट आली का ते कळायला. घाबरलं की काहींचं काळीज जोरात धावतं, काहींचं उलट मंदावतं. रक्त पायांत उतरतं, डोक्याला पोचत नाही. "डोकं हुशार असते, मास्तर. त्याले रक्त पाह्यजे, म्हनून ते तुमाले खाली पाडते. अन् आपले लोक काय करते? पुन्हा उभं करते. डोकं म्हनते मले खाली ने, आपन म्हनतो ऊठ. उभा मानूस पडते. झोपलेला मानूस पडून पडून कुठं पडन?"

"म्हणजे मी भित्रा नाही?" मी विचारलं.

"भित्रे तर तुमी आहातच. पन पडले म्हनून नाई. मोठमोठे सूरमे पडते. मी सोता पडली आहे. शिकत होती तेव्हा पयलं ऑपरेशन पाहाले उभी राहिली, अन् पेशंटच्या आधी मलेच उचलून न्या लागलं." हे सांगताना त्या इतक्या हसल्या की शालूला त्यांच्या हातातली सुई काढून घ्यावी लागली.

त्या दिवशी मी झोपून सुई घेतली, डोळे मिटून आणि देवाचं नाव घेऊन. काही आठवड्यांनी माझा हात टोपीपर्यंत पोचला, आणि तेव्हाच माझ्या दुसऱ्या नोकरीला सुरुवात झाली.

झालं असं की एका रविवारी एकोडीचा एक धिप्पाड पैलवान सुई घ्यायला तयार होईना. मी तपासणीसाठी आलो होतो. बाईंनी माझं मनगट धरून मला त्याच्यासमोर उभं केलं. "हे पाहा. हे मास्तर. सुईचं टोपन निघाच्या आंधी पडले. अन् आता पाहा, हात वर करा, मास्तर." मी हात वर केला. पैलवानानं मला पायापासून मिशीपर्यंत न्याहाळलं, त्याच्या चेहऱ्यावर एक उदार दया आली, आणि तो निमूट झोपला. हा पडू शकतो तर आपण पडलो तरी काय बिघडतं, हा दिलासा माझ्या नुसत्या दर्शनानं लोकांना मिळतो, हे बाईंनी हेरलं. तेव्हापासून दर रविवारी मी तिथं जाऊ लागलो. शाळेत माझी ओळख शिस्तीसाठी होती, दवाखान्यात 'पडलेले मास्तर' म्हणून. दुसऱ्या ओळखीचा समाजाला जास्त उपयोग झाला.

माझ्या आवाजालाही बाईंनी काम दिलं. ज्याला पडायची सवय आहे त्यानं मुठी, मांड्या, पोटऱ्या घट्ट आवळून धरल्या की रक्त वर टिकतं. हे सांगून कोणी करत नाही, हुकूम दिला की करतात. म्हणून मी पलंगाच्या उशाशी उभा राहून "आवळ! धर! धर! सोड!" अशी कवायत घेई. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात शिट्टी फुंकली, तेव्हा रोगी राहिला बाजूला आणि बाहेर बाकावरची एक म्हातारी पडली. शिट्टी बाईंनी जप्त केली ती कायमची.

बाईंची शिस्त माझ्यापेक्षा कडक होती. सुई झाली की आधी पडून राहायचं, मग पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं, आणि उठताना त्या प्रत्येकाला म्हणत, "हळू ऊठ." गाईच्या वासरालाही त्या हेच म्हणाल्या असत्या. आणि तरी एक गोष्ट त्यांच्या शिस्तीच्या आड येई, ती म्हणजे आपल्या लोकांचा मान-मर्यादेचा कायदा.

दिघोरीची सुनंदा नावाची एक सून आली होती. रोवणी करून कंबर धरलेली. नवरा कामावर, म्हणून मोटरसायकलवरून तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, तिला घेऊन आलेला. सुई छान झाली. ती पालथी पडून होती. तेवढ्यात भासरा "झालं का जी?" म्हणत पडद्याशी आला. भासऱ्यासमोर सून लोळत पडलेली कशी चालेल? सुनंदा डोक्यावर पदर ओढत ताडकन उठून उभी राहिली, आणि तशीच पदरासकट कोसळली. मी झेलायला धावलो आणि माझ्याच पायात पाय अडकून तिच्या आधी खाली पोचलो. तिचं डोकं फरशीवर न आपटता माझ्या पोटावर आपटलं. त्या दवाखान्यातली माझी ही एकमेव शौर्यकथा, आणि तीसुद्धा अपघातानं घडलेली.

बाईंनी तिला तिथंच फरशीवर सरळ केलं, पाय वर धरले. तिची पांढरी पडलेली जिवणी बघून भासऱ्यानं भिंत धरली. त्यानंही जांभई दिली.

"शालू, भासरा चालला!" बाई ओरडल्या. शालूनं त्याला खाली निजवलं. मी अजून मध्येच पडलेलो. एका पडद्याच्या अलीकडे सून, पलीकडे भासरा, दोघांचे पाय खुर्च्यांवर.

सुनंदाला शुद्ध आली. तिनं आधी पदर चाचपला आणि उठायला लागली. "भासरे आहेत ना जी तिकडं..."

"भासरा तुह्यापेक्षा लंबा पडला आहे," बाई म्हणाल्या. "तो उठल्याबिगर तू उठली तर त्याचा अपमान होईन. पडून राह्य." मग पडद्यापलीकडे वाकून, "काय जी भासरे, भाजी कोनती केली होती घरी?"

भासरा म्हणाला, "मले नाई मालूम. तिले इचारा."

त्या घरात सून आणि भासरा एकमेकांशी थेट बोलल्याची ती पहिली वेळ असावी, कारण पडद्याआडून सुनंदा बारीक आवाजात म्हणाली, "भेंडी, दादा." बाई पाटावर बसून पोट धरून हसत होत्या. हसता हसता त्यांनी स्वतःची कंबर दाबली आणि क्षणभर त्यांचा चेहरा आक्रसला. मी खाली पडलेला असल्यामुळे मला तो दिसला.

बाईंची स्वतःची कंबर गेली होती. जन्मभर टेबलांवर वाकून मणक्यातली शीर दबली होती. उजव्या पायाला मुंग्या येत, कधी तो बधिरच होई. नागपूरचा त्यांचा विद्यार्थी डॉक्टर पराग दर फोनला म्हणे, मॅडम, मी येऊन सुई देतो. बाई म्हणत, पुढच्या रविवारी. हैदराबादचा मुलगा म्हणे, आई, बंद कर आणि इकडे ये. बाई त्यालाही पुढच्या रविवारीच सांगत. बाई उभ्या राहिल्या नाहीत तर रविवार बंद, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग दिघोरीच्या बाईला कंबर धरून नागपूर गाठावं लागलं असतं, म्हणजे ती गेलीच नसती.

मी एकदा विचारलं, "बाई, सुई का घेत नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "वेळ नाई भेटत."

त्यांना वेळ मिळाला तो आसगावच्या एका म्हाताऱ्यामुळे. कमरेत सुई दिली आणि बाबा हळूहळू पांढरा पडत गेला. बाईंनी उताणा केला, मी पाय उचलले. त्याच्या मुलानं खिशातून कांदा काढला. मी कवायत सुरू केली, "आवळ! धर!" पण बाबा काही आवळेना. नेहमी पाय वर गेले की रंग परत येतो, तो आला नाही. बाईंची बोटं त्याच्या मनगटावर होती आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम बघितला. आवाज मात्र तसाच, बाजारात भाव विचारावा तसा. "शालू, ऑक्सिजन. अ‍ॅट्रोपिन भर." अंगावर गांधी उठल्यात का, ओठ सुजलेत का, छाती घरघरते का, औषधच उलटलं नाही ना, हे त्या भराभर बघत गेल्या. मंदावलेली नाडी वाढवणारं ते औषध शिरेत गेलं. मी पाय धरून उभा, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात माझ्याच मांड्या आवळत होतो.

"बाबा, भाजी कोनती?"

काही नाही.

"बाबा. घरी भाजी कोनती होती?"

"लाखोरीची," बाबा म्हणाला, "खारट झाली होती."

बाईंनी मोठा श्वास सोडला. "कांदा दे रे इकडं," त्या मुलाला म्हणाल्या. "शालू, संध्याकाळच्या पोह्यात टाक."

बाबा तासाभरानं नीट बसून, उभा राहून, कांदा गेला म्हणून रुसून घरी गेला. सगळे गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या होत्या. मी निघतो म्हणालो तर त्या उठल्या नाहीत. उठता येत नव्हतं. उजवा पाय हातानं उचलून त्यांनी पुढं ठेवला, तो तिथंच राहिला.

"सगळंच पडनं सारखं नसते, मास्तर," त्या म्हणाल्या. "पाय वर केले का बहुतेक वापस येते. एखादा येत नाई. त्या एकासाठी हे सगळं मांडून ठेवाचं असते. आज मी वेळेवर पोचली. पुढच्या टायमाले माहा पाय उचलला नाई तर?"

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बाई, पेज आणू?" त्या कसनुसं हसल्या, आणि तिथूनच त्यांनी परागला फोन लावला.

तो आला तो रविवार मला स्वच्छ आठवतो. रोवणी तोंडावर आली होती. रोगी जिन्यापर्यंत बसले होते. बाईंनी आधी स्वतःची सुई, मग लोकांच्या, असा बेत ठेवला होता.

"बाई, सकाळी काय खाल्लं?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी चूप बसा."

मी पेजेचा पेला पुढं केला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. पराग म्हणाला, मॅडम, झोपा. त्या म्हणाल्या, थांब, ही ट्रे बराबर नाई लावली. ती लावली, मग दिव्याची जागा बदलली, मग परागचे हातमोजे तपासले. मला वाटलं होतं त्या सुई घेण्यात आमच्यापेक्षा शहाण्या असतील. हुबेहूब मीच समोर बघत होतो, फक्त मिशी नव्हती.

"बाई, भीती वाटते का?" शालूनं हळूच विचारलं.

"मले? मी नाई घाबरत."

शालूनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिनं उशी काढली.

शेवटी त्या पालथ्या झोपल्या, तोंडानं परागला सूचना चालूच. जागा पुसली, बधिर करायची बारकी सुई टोचली, आणि एका सूचनेच्या मध्येच बाईंनी जांभई दिली. आम्ही त्यांना उताणं केलं. पाय मी धरले. लहान पावलं होती, गार पडलेली, टाचांना भेगा. एवढ्या लोकांचे पाय ज्यांनी छातीशी धरले त्यांचे पाय आज आपल्या हातात आहेत, या विचारानं माझी मान आपोआप खाली गेली.

दार लावायला मी विसरलो होतो. गर्दी बाहेर ठेवणं एवढं एकच माझं काम, आणि तेवढंच विसरलो. दारातल्या एका म्हातारीनं बघितलं, बाई डोळे मिटून पडल्यात आणि मास्तर त्यांचे पाय कपाळाशी धरून उभा आहे. तिला जे वाटायचं ते वाटलं. ती आत आली, बाईंच्या पावलांना हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि बाजूला झाली. तिच्यामागून दुसरी आली. मग आसगावचा बाबा. मग दिघोरीची सुनंदा पदर सावरत, आणि तिच्यामागे दोन हात सोडून भासरा. जिन्यावरची सगळी रांगच सरकत आत येऊ लागली. पराग मनगट धरून "ठीक आहे, ठीक आहे" पुटपुटत होता, ते कोणाला ऐकू जाईना. मला ओरडायचं होतं, गर्दी बाहेर. मी रडत होतो, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे नाकही पुसता येत नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. पायाशी लागलेली रांग बघितली.

"कोन मेलं?"

"कोनी नाई जी," म्हातारी म्हणाली.

"मंग गर्दी काहून केली? हवा येऊ द्या. पेज प्याले का सगळे?"

रांग गडबडून मागे फिरली. मी कसाबसा म्हणालो, "बाई, भाजी कोणती?"

बाई ओशाळून म्हणाल्या, "नाई खाल्लं जी काई. सकाळपासून उपाशी आहो."

शालू इतकी हसली की तिच्या हातातली पेज सांडली. दुसरा पेला बाईंनी मुकाट्यानं घेतला. थोड्या वेळानं त्या पुन्हा पालथ्या झाल्या. "पराग, आता टोच. मास्तर, तुमचं ते सुरू करा." मी उशाशी उभा राहून "आवळ! धर! सोड!" म्हणत गेलो, आणि बाई मुठी आवळत आणि सोडत गेल्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

त्या सुईनं आम्हाला एक रोवणी दिली. ती सगळी रोवणी बाई पाटावर उभ्या होत्या. धान कापून झालं तसा पाय पुन्हा बधिर व्हायला लागला, आणि या खेपेला मुलगा फोन न करता त्यांना हैदराबादला न्यायला गाडी घेऊनच आला; तिथून त्या परत आल्या नाहीत. परागनं महिन्यातून एक रविवार येण्याचं कबूल केलं आणि तो अजून येतो. पेज शालू करते. मी तिथंच असतो, पडलेले मास्तर.

निघायच्या सकाळी कृषी केंद्रासमोर बरेच लोक जमले होते. बाई गाडीत पुढच्या सीटवर, सीट मागे झुकवून बसल्या होत्या, आणि कोणाला पायापर्यंत येऊ देत नव्हत्या. "एकदा झालं ना तुमचं पाया पडून. पुन्हा पुन्हा कायले?" मी मात्र गाडीच्या उघड्या दारातून खाली वाकलो. एकदा तेच पाय उचलून धरले होते, आज नुसते शिवायचे होते. आदल्या रात्रीपासून माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं, ते त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. डोकं त्यांच्या पावलांवर टेकलं आणि मी झटकन उठायला गेलो, कारण डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये.

आशीर्वाद देणारी माणसं हात डोक्यावर ठेवतात. बाईंनी माझं मनगट धरलं. बोटं नेमकी नाडीवर.

"हळू उठा, मास्तर," त्या म्हणाल्या. "हळू."